बाळाला खुणा शिकवण्याआधी त्याचे कान तपासा

हल्ली तरुण आईबाबा एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, बाळाला बेबी साइनचा क्लास लावू का?" आठ महिन्यांच्या बाळाला 'दूध', 'अजून हवं', 'झालं' हे हाताच्या खुणांनी सांगायला शिकवायचं. त्याने म्हणे मूल लवकर बोलतं, हुशार होतं, बुद्ध्यांक वाढतो. माझं उत्तर सरळ आहे. खुणा जरूर करा, पण क्लासवर पैसे घालवू नका.

हे खूळ मूळचं अमेरिकेतलं. लिंडा ॲक्रेडोलो आणि सुझन गुडविन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं, की बोलता न येणारी बाळं स्वतःच खुणा तयार करतात. १९९६ साली त्यांचं 'बेबी साइन्स' हे पुस्तक आलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खुणा शिकलेली मुलं दुसऱ्या वर्षापर्यंत भाषेत थोडी पुढे दिसली. पण तिसऱ्या वर्षापर्यंत ती आघाडी फारशी उरली नाही. जाहिरातीत हे दुसरं वाक्य कुठे वाचलंत? २०१३ साली इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी ४० बाळांना आठव्या ते विसाव्या महिन्यापर्यंत पाहिलं. खुणा शिकवलेली बाळं लवकर बोलली नाहीत. एक मात्र झालं : त्यांच्या आया बाळाच्या मनात काय चाललंय याकडे जास्त लक्ष देऊ लागल्या. त्यासाठी क्लास कशाला?

आणि खुणा आपल्या घरात नाहीत का? टाटा करणं, बाप्पाला 'जय' करणं, 'नको' म्हणून मान हलवणं, चिमणी दिसली की बोट दाखवणं, हे सगळं आजी फुकट शिकवते. बोलता बोलता शिकवते, हे महत्त्वाचं. याच्या उलट, 'हातवारे शिकलं तर मूल आळशी होईल, बोलणारच नाही' या भीतीलाही आधार नाही. बोट दाखवणं ही बोलण्याची पूर्वतयारीच असते.

इथवर प्रश्न फक्त पैशांचा आहे. माझा खरा राग वेगळ्या गोष्टीचा आहे.

हजारात एक ते तीन बाळं जन्मतःच कमी ऐकू येणारी असतात. (कृपया 'मूकबधिर' म्हणू नका. त्यांचा आवाज शाबूत असतो.) त्यांतल्या बहुतेकांच्या आईवडिलांना नीट ऐकू येतं, त्यामुळे घरात कुणाला शंकाच येत नाही. त्यात हे बाळ पहिले काही महिने इतरांसारखंच 'अ्गं अ्गं' करतं. मग कुणीतरी मागून थाळी वाजवतं, बाळ दचकतं आणि घर निश्चिंत होतं. ही तपासणी नव्हे. बाळ धक्क्याने, सावलीने दचकू शकतं. किंवा थाळी ऐकू येते पण आईचं बोलणं येत नाही, असंही असतं.

पुढे निदान झालंच, तर अनेकदा याच आईवडिलांना सल्ला मिळतो : "खुणा अजिबात करू नका, नाहीतर ते बोलणार नाही." म्हणजे ज्याला ऐकू येतं त्याला हौसेने खुणांचा क्लास आणि ज्याची ती भाषा होऊ शकते त्याचे हात बांधायचे! १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातून खुणांची भाषा हद्दपार करायचं ठरवलं, त्याचे पडसाद आपल्याकडे अजून उमटतात. उलट १९९१ साली लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी दाखवलं, की घरात खुणांची भाषा असलेली कर्णबधिर बाळं हातांनी बोबडं 'बोलतात'. मेंदूला भाषा हवी असते. ती कानांतून येते की डोळ्यांतून, यावर तो अडून बसत नाही. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट करायचं असेल तर जरूर करा, पण ते होईपर्यंत मुलाला भाषेवाचून ठेवू नका. दोन-चार शिकवलेल्या खुणा म्हणजे भाषा नव्हे, हेही लक्षात घ्या. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे आणि दिल्लीत २०१५पासून तिच्यासाठी राष्ट्रीय संस्थाही आहे.

तेव्हा क्लासचे पैसे वाचवा आणि बाळाची ओएई तपासणी करून घ्या. कानात छोटी नळी ठेवतात, काही मिनिटांत होते, दुखत नाही. शंका आली तर बेरा ही पुढची तपासणी करतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा हिशेब धरा. जन्मतःचा बहिरेपणा सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही येतो, म्हणून जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

वेळ निघून गेली असेल तरी थांबू नका. वर्षाचं बाळ 'बाबा', 'दादा' असं बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेलं विसरू लागलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. "याचे बाबाही उशिराच बोलले होते" असं घरातलं कुणी म्हणालं, तरी दाखवा.