कुरळ्या केसांचा गुन्हा काय?

‘काय हे टोपलं! तेल चोपड, नाहीतर सरळ करून घे.’ नगरकडच्या लग्नघरात कुरळ्या केसांच्या मुलीला हे ऐकावंच लागतं; मावश्या-आत्याच पुढे. गंमत म्हणजे याच बाया तान्ह्या बाळाच्या कुरळ्या जावळावरून दृष्ट काढतात! शिवाय ‘सरळ करून घे’ म्हणणं सोपं, पण केस सरळ करणारी काही रसायनं तापवली की फॉर्मल्डिहाइड सुटतो. तो कर्करोगकारक आहे. केसांवरून टोचणं इतरत्रही आहेच: कृष्णवर्णीयांशी नैसर्गिक केसांवरून शाळेत, नोकरीत भेदभाव करण्यास अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे कायदा नको, जिभेला लगाम पुरे. अभिनेत्री मिथिला पालकर तर पडद्यावर कुरळ्या केसांनीच ओळखली जाते. तेव्हा सावेडीतल्या आत्याबाई, येत्या लग्नात भाचीला ‘जेवलीस का?’ एवढंच विचारा.