जागा मिळाली, पुढे काय?

बारावीचे निकाल हाती आले म्हणजे आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत एक निराळीच धांदल सुरू होते. ज्या मुलाचा हात चित्रकलेत चालतो आणि ज्याचे गणितही अगदीच कच्चे नाही, त्याच्याविषयी शेजारीपाजारी एकमुखाने सल्ला देतात की, ‘याला आर्किटेक्ट करा.’ सल्ला वाईट नाही. सीमाभागातील मुलांना तर महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत एक स्वतंत्र दारच ठेवलेले आहे. वादग्रस्त सीमाभागात राहणारा, दहावी-बारावी तेथील अथवा महाराष्ट्रातील मान्य संस्थेतून उत्तीर्ण झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला उमेदवार ‘ई’ या वर्गातून अर्ज करू शकतो. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, त्यांतील मुलांच्या दृष्टीने ही सवलत मोलाची आहे, आणि ती कोणाच्या उदारपणातून पडलेली नाही, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

परंतु दार उघडले म्हणजे घरात प्रवेश झाला, असे समजण्याची चूक आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. मुलाला जागा मिळाली की पेढे वाटले जातात, सत्कार होतात, आणि पुढील पाच वर्षे तो कसा शिकतो, काय खातो, रात्री किती वाजता निजतो, याची चौकशी करण्याची गरज कोणास वाटत नाही. वास्तुविद्येच्या बाबतीत ही बेफिकिरी फार महाग पडते.

याचे कारण या विद्येच्या स्वरूपातच आहे. वास्तुविद्या म्हणजे आग्नेयेस स्वयंपाकघर आणि ईशान्येस देव्हारा सांगणारे शास्त्र नव्हे. तो धंदा करणारी मंडळी आपल्या शहरांत पुष्कळ आहेत व त्यांस विद्यापीठाची पदवी लागत नाही. खरी वास्तुविद्या पुस्तकातून पाठ करता येत नाही. ती कागदावर शंभर वेळा रेखाटून, पुठ्ठ्याची प्रतिकृती कापून, ती मोडून पुन्हा उभारून, शिक्षकाशी टेबलाला टेबल लावून वाद घालून आणि बांधकामाच्या जागी गवंड्याच्या शेजारी उभे राहून शिकावी लागते. वैद्यकीच्या विद्यार्थ्यास जसे रुग्णालय, तसा या विद्यार्थ्यास स्टुडिओ. रुग्णालयावाचून वैद्यकीय महाविद्यालय काढू असे कोणी म्हणाला, तर आपण त्यास वेड्यात काढू. पण चार भिंती, चाळीस टेबले आणि एक दमलेला शिक्षक एवढ्या भांडवलावर वास्तुविद्येचे महाविद्यालय चालते, याचे मात्र आपणांस काहीच वाटत नाही!

१९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ या पदवीनामाभोवती भक्कम कुंपण घातले. परिषदेकडे नोंद नसलेल्या माणसाने स्वतःस आर्किटेक्ट म्हणवून घेणे हा गुन्हा ठरला. नामाचे रक्षण झाले हे ठीकच झाले. प्रश्न आहे तो ज्या माणसास ते नाम लागावयाचे, त्याच्या घडणीचा. १९८३ च्या शिक्षणविषयक नियमांत एका वर्गात चाळीस विद्यार्थी आणि आठ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले होते. २०२० च्या नव्या नियमावलीने ते दहास एक असे सैल केले. आठांवरून दहा म्हणजे काय मोठेसे, असे हिशेबनीस विचारील. पण स्टुडिओच्या तीन तासांत आठ जणांना प्रत्येकी बावीस मिनिटे मिळतात, दहा जणांना अठरा. जो मुलगा इंग्रजीत चटकन बोलतो, तो आपली अठरा मिनिटे वसूल करून शेजाऱ्याची पाचही खातो; जो संकोची आहे, खानापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातून आला आहे, तो आपला नकाशा गुंडाळून मागच्या बाकावर जातो. प्रमाण सैल होते तेव्हा त्याची झळ प्रथम कोणास लागते, हे यावरून समजावे.

आता पैशाकडे पाहू. शुल्काच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२४ मध्ये शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय स्तुत्य आहे. परंतु शुल्क माफ झाले म्हणून पुठ्ठा माफ होत नाही! कार्ट्रिज कागद, ट्रेसिंगचे रोल, सनबोर्ड, कापणीची पाती, डिंक, मोठ्या आकाराच्या छपाईचे बिल, शैक्षणिक सहलीचा खर्च, आणि या सर्वांवर ताण म्हणजे त्रिमितीय आराखडे पेलणारा संगणक. साधा संगणक येथे चालत नाही. तो दर पाच मिनिटांनी मान टाकतो. हा खर्च शुल्काच्या पावतीत कोठेच दिसत नाही, म्हणून शिष्यवृत्तीच्या अर्जातही दिसत नाही. बाप जमीन गहाण टाकून पहिल्या वर्षाचे पैसे भरतो आणि तिसऱ्या वर्षी मुलगा घरी कळवितो की, ‘मॉडेलसाठी पुन्हा दोन हजार पाठवा.’ घरच्यांस वाटते की मुलगा उधळ्या झाला.

यावर उपाय नाहीत असे नाही. महाविद्यालयाने सामान भांडार उघडून घाऊक भावाने पुठ्ठा द्यावा. मागील वर्षाच्या प्रतिकृतींतील लाकूड-पुठ्ठा पुढील वर्गास वापरावयास द्यावा. संगणककक्ष संध्याकाळी पाचला कुलूप घालून बंद करण्याऐवजी रात्री उघडा ठेवावा. आज्ञावलींच्या बाबतीत तर पैसे खर्चण्याचेही कारण नाही. ऑटोकॅड व रेव्हिट बनविणारी कंपनी विद्यार्थ्यांस त्या शिक्षणापुरत्या विनामूल्य देते, आणि तरीही आपली मुले बाजारातून चोरीच्या प्रती आणतात, कारण पहिल्या वर्षी कोणी त्यांस हे सांगितलेलेच नसते. एवढी माहिती देण्यास कोणता निधी लागतो?

स्टुडिओची रात्र हा आणखी एक नाजूक विषय. उद्या सबमिशन म्हणजे आज जागरण, ही या महाविद्यालयांची जणू कुळरीतच होऊन बसली आहे. त्यावर ज्युरी. बाहेरून आलेले दोन मान्यवर चार महिन्यांच्या श्रमांवर चार मिनिटांत शेरे मारतात, आणि काही ठिकाणी त्या शेऱ्यांत टीका कमी व टवाळी जास्त असते. कठोर परीक्षेस आमचा विरोध नाही. पडणारे घर बांधण्यापेक्षा पडणारा नकाशा बरा. परंतु कठोरपणा आणि अपमान यांतील अंतर शिक्षकाने ओळखावयास हवे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात निर्देश दिले, आणि शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे असे बजावले. वर्गात चाळीस, वर्षे पाच. म्हणजे दोनशे विद्यार्थी झाले. बहुतेक प्रत्येक वास्तुविद्या महाविद्यालय या निर्देशाच्या कक्षेत येते. तेव्हा प्रवेशाच्या दिवशी प्राचार्यांच्या कचेरीत बसलेल्या पालकाने वसतिगृहाच्या खाणावळीची चौकशी करून झाल्यावर, ‘समुपदेशक कोण व ते कोणत्या खोलीत भेटतात?’ हेही विचारावे. संकोच करू नये.

अभ्यासक्रमात एक संपूर्ण सत्र वास्तुविशारदाच्या कचेरीत प्रत्यक्ष काम करण्यासाठी राखलेले असते. विद्येचा खरा कस येथे लागतो आणि गरीब मुलाचा खिसाही येथेच कापला जातो. चांगल्या कचेऱ्या मोठ्या शहरांत. तेथे खोलीचे भाडे द्यावयाचे, आणि विद्यावेतन मात्र नाममात्र किंवा मुळीच नाही. यावर आम्हांस थोरांचा दाखला ऐकविला जातो. पुण्यात जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी १९५१ मध्ये पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या कचेरीत गेले तेव्हा पहिले आठ महिने बिनपगारी राबले. पुढे २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. दाखला खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष खोटा आहे. एक दोशी उपाशी राहून मोठा झाला म्हणून उपास ही शिक्षणपद्धती ठरत नाही. ज्यांस आठ महिनेसुद्धा दम धरता आला नाही, ते कोठे गेले, याची गणती कोणी ठेवलेली नाही. स्वतः दोशींनी १९६२ मध्ये अहमदाबादेस वास्तुविद्येची शाळा काढली, तिचा लौकिक उपासाचा नाही, मोकळेपणाचा आहे.

दाखलाच हवा असेल तर आमच्यापाशी दुसरा आहे. अच्युत कानविंदे कोकणातील आचऱ्याचे, जन्म १९१६. तेही जे. जे. मध्ये शिकले. १९४५ मध्ये भारत सरकारने त्यांस उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत हार्वर्डला पाठविले, आणि तेथे वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून ते १९४७ मध्ये परतले. पुढे कानपूरच्या आयआयटीचा परिसर त्यांनी उभा केला. आचऱ्याचा मुलगा ग्रोपियसच्या वर्गात बसला तो एका वेळच्या सरकारी मदतीने. त्या खर्चाची परतफेड देशास किती पटींनी झाली, हे कानपुरास जाऊन पाहावे.

भाषेचा प्रश्न आम्ही मुद्दामच मागे ठेवला होता. तो पुढे आणला की आम्ही प्रत्येक गोष्टीत भाषा आणतो, असा आक्षेप ठरलेला. परंतु येथे तो टाळता येत नाही. जेईई मुख्य परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते, आणि वास्तुविद्येच्या प्रवेशाची प्रश्नपत्रिका त्याच परीक्षेचा भाग आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती महाराष्ट्रातील केंद्रांवर. म्हणजे बेळगावच्या मराठी मुलाने आपल्या घराजवळचे केंद्र सोडून कोल्हापूर गाठावयाचे! ते गाठून तो आत शिरला की पुढील पाच वर्षे सारे इंग्रजी. ज्याच्या आजोबांनी जोते, तुळई, कडीपाट, सोपा, माजघर, पडवी हे शब्द नुसते उच्चारले नाहीत तर हाताने उभे केले, त्या नातवास ज्युरीपुढे ‘सोपा’ म्हणताना ओशाळल्यासारखे होते. इंग्रजी त्याने शिकलेच पाहिजे. ती या धंद्याची आजची भाषा आहे. पण ते शिकविण्याची जबाबदारी महाविद्यालयाने घ्यावी, आणि ते येईतो त्यास मराठीत आपला विचार मांडू द्यावा. जगाचे नाव सांगणारे परीक्षक चुन्याची घाणी म्हणजे काय हे या मुलाकडून शिकले, तर त्यांची पदवी कमी होणार नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन उघडले, ते हस्तविद्येस विद्येचा मान मिळावा म्हणूनच.

आता आपल्याकडे पाहू. दोष महाविद्यालयांचा व शासनाचा, एवढे म्हणून हात झटकणे सोपे आहे. आपण सीमाभागातील नागरिक या मुलांसाठी काय करू शकतो? पुष्कळ. वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांची १९५७ पासून चालत आलेली ‘नासा’ ही देशव्यापी संघटना दरवर्षी स्पर्धा घेते. तिच्यातील लुई कान यांच्या नावाचा करंडक जुन्या वास्तूंची मोजमापे घेऊन त्यांची तपशीलवार चित्रे करणाऱ्यांस मिळतो. अशा कामास लागणारी सामग्री आपल्या दाराशी पडलेली आहे. बेळगावच्या किल्ल्यात तेराव्या शतकाच्या आरंभीची कमल बस्ती आहे. खानापूर तालुक्यात हलशीची देवळे आहेत, कित्तूरजवळ देगावचे कमलनारायण मंदिर आहे, आणि घाट उतरला की गोव्यात तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ. इंदूरकरांना तर दोशींनीच आखलेली ‘अरण्य’ वसाहत घराजवळ आहे. तेथे गरीब कुटुंबास जोते व शौचालय बांधून दिले आणि बाकीचे घर ऐपतीप्रमाणे त्यांच्याच हातून वाढू दिले. १९९५ मध्ये तिला आगाखान पारितोषिक मिळाले. बाहेरगावचे वीस विद्यार्थी आठ दिवस हलशीस राहावयास आले, तर त्यांस शाळेची एक खोली, दोन वेळचे जेवण आणि शिडी धरणारे दोन माणूस मिळतील ना?

आमच्या शहरांतील वाचनालयांनी वास्तुविद्येच्या महाग ग्रंथांसाठी एक कपाट राखावे. जे स्थानिक वास्तुविशारद आपल्याच मुलांच्या मतांवर व मोठेपणावर जगतात, त्यांनी दर वर्षी एका सत्रासाठी एक विद्यार्थी कचेरीत घ्यावा आणि त्यास जेवणखाण भागेल एवढे विद्यावेतन रोखीने द्यावे. मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या सीमाभागातील मंडळींनी अशा विद्यार्थ्यास सहा महिने राहावयास एक खाट द्यावी. सत्काराचे हार आणि फलकांची छपाई यांवर आपण जे उधळतो, त्यातून एका मुलाचा वर्षाचा पुठ्ठा सहज निघेल.

बेळगाव केंद्रावर मराठी प्रश्नपत्रिका द्या, अशी मागणी मात्र राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडेच करावी लागेल. शाळांचे मुख्याध्यापक, पालकसभा आणि गावोगावच्या युवक मंडळांनी तसे पत्र सह्यांनिशी या महिन्यातच धाडावे. पुढील परीक्षेची केंद्रे ठरण्यापूर्वी ते दिल्लीत पोहोचले पाहिजे.