दिवाळें आणि तिऱ्हाइताचें कपाट

कंपनीचें दिवाळें निघालें म्हणजे पहिला तंटा पैशाचा नसून कागदांचा असतो. अंबरनाथ-बदलापुराकडील कारखान्यास उधारीवर माल पुरविणारा सोनिवलीचा एखादा व्यापारी घ्या. कारखाना मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणापुढें गेला, तेथून नेमलेल्या कारभाऱ्याच्या हातीं किल्ल्या आल्या, आणि जमाखर्चाच्या वह्या मात्र बाहेरच्या हिशेबतपासनिसाच्या कपाटांत राहिल्या, तर पैसा कोठें गेला हें कळणार कसें? आणि तें कळल्यावांचून व्यापाऱ्याच्या पदरीं काय पडणार?

अशा तिऱ्हाइतास सक्तीनें सहकार्य करावयास लावावें, असें कित्येकांस वाटतें. हा संताप स्वाभाविक आहे; पण कायदा तितका सरळ नाहीं. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचें १९ वें कलम हा बोजा कंपनीचे संचालक, नोकर, प्रवर्तक व कारभाराशीं संबंध असलेल्या इसमांवर घालतें. केवळ फी घेऊन सल्ला देणारा त्यांत आपोआप येत नाहीं. १७ वें कलम हिशेबतपासनिसांकडील कंपनीचीं दप्तरें पाहण्याचा अधिकार देतें खरें. पण दप्तर पाहणें निराळें आणि माणसास राबविणें निराळें. व्यक्तींच्या दिवाळखोरीसाठीं झालेल्या १९०९ च्या इलाखा-शहरांच्या कायद्यानें कोणाही माहितगारास समन्स काढून बोलाविण्याची मुभा दिली. पण ती कोर्टास, कारभाऱ्याच्या चिठीस नव्हे.

वकिलाची गोष्ट याहून नाजूक. अशिलाचें गुपित राखणें हा त्याचा धर्म. २०२३ च्या साक्ष अधिनियमाचें १३२ वें कलम तो सांभाळतें, व २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तपासी अंमलदारांसही तीच मर्यादा घालून दिली. मात्र फी थकली म्हणून अशिलाचे कागद वकिलास अडवून ठेवतां येत नाहींत, हेंही त्याच न्यायालयानें २००० सालीं ठरविलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. जें दप्तर कंपनीचें, तें विनाअट परत मिळावें; थकलेल्या फीचा दावा इतर धनकोंच्या रांगेंत मांडावा. तज्ज्ञाचीं स्वतःचीं टिपणें हवीं असल्यास कोणता कागद व कशासाठीं, हें न्यायाधिकरणास सांगून हुकूम मिळवावा. आणि सल्लागाराच्या पाटीआड बसून ज्यानें प्रत्यक्ष कारभार हांकला, त्यास तिऱ्हाईत मानूं नये. एकंदर मुदत ३३० दिवसांची. दिरंगाईनें धनको बुडतो, हें आम्ही जाणतों. पण लबाड हिशेबनिसासाठीं उगारलेली काठी उद्यां सचोटीच्या हिशेबनिसाच्या पाठीवर बसली, तर अडचणींतल्या व्यापाऱ्यास खरा सल्ला द्यावयास कोण पुढें येईल?