दशावतार म्हणजे उत्क्रांती नव्हे!

जालना जिल्ह्यातल्या एका गावात, बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत आम्ही दहावीच्या मुलांचा विज्ञानाचा वर्ग घेत होतो. राज्य मंडळाच्या विज्ञान भाग दोनमधला पहिलाच धडा : आनुवंशिकता व उत्क्रांती. मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी, सस्तन प्राणी असा क्रम फळ्यावर लिहिला आणि मागच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, "सर, हे तर दशावतारात आधीच सांगितलंय. आधी मासा, मग कासव, मग डुक्कर, मग अर्धा सिंह अर्धा माणूस. व्हॉट्सअॅपवर आलंय." आणखी चार पोरांनी माना डोलावल्या.

समोर बुद्धमूर्ती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच विहारात बुद्धाला नववा अवतार ठरवणारी यादी विज्ञान म्हणून खपत होती! दोष पोरांचा नाही. दोष आमचा आहे. बावीस प्रतिज्ञा आम्ही त्यांच्याकडून पाठ करून घेतल्या, पण बुद्ध विष्णूचा अवतार नाही ही प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी का दिली, हे समजावून सांगितले नाही.

उत्क्रांतीला विरोध दोन प्रकारे होतो. पहिला प्रकार उघड नकाराचा. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या शेजारीच, औरंगाबादेत, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्यांना उत्तर दिले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिले. नकार उघड असला की लढता येते.

दुसरा प्रकार गोड बोलून गिळण्याचा. जानेवारी २०१९ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरून आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी सांगितले की डार्विनपेक्षा दशावतार सरस आहे. हा प्रकार अधिक घातक आहे. ज्या व्यवस्थेला बुद्ध हरवता आला नाही, तिने बुद्धाला अवतार करून टाकले. आता डार्विनचीही तीच गत करायची आहे. म्हणून या दाव्याला भावनेने नव्हे, हाडांनी उत्तर द्यायला हवे. हाडे म्हणजे जीवाश्म.

मासे आधी, हे खरे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे सर्वांत जुने अवशेष माशांसारख्या जीवांचेच आहेत, सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतले. पण यादी पहिल्याच पायरीनंतर कोसळते. पाण्यातून जमिनीवर कासव आले नाही. मासा आणि चतुष्पाद यांच्या मधला जीव सापडलाच तर तो सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडेल, असा हिशेब वैज्ञानिकांनी आधी मांडला, त्या वयाचा खडक कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात शोधला आणि २००४ मध्ये तिथे 'टिकटालिक' मिळाला. खवले आणि पर माशाचे, पण मान मोकळी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडे. कुठे काय सापडेल ते आधी सांगून, खोदून दाखवणे, याला विज्ञान म्हणतात. सापडल्यावर 'आमच्या पोथीत होतेच' म्हणणे, याला काय म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे.

आता कासव. कासव उभयचर नाहीच. तो सरपटणारा प्राणी आहे, समुद्रात राहणारे कासवसुद्धा अंडी घालायला जमिनीवर येते. फक्त पोटाकडचे कवच तयार झालेले 'ओडोंटोकेलिस' नावाचे जुने कासव चीनमध्ये सापडले, त्याचे वय सुमारे बावीस कोटी वर्षे. सस्तन प्राण्यांकडे येणारी शाखा मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांपासून एकतीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. म्हणजे कासव आपला पूर्वज नाही, लांबचा भाऊबंद आहे. डुक्करही तसेच. माकडवर्गीय प्राण्यांचे जीवाश्म साडेपाच कोटी वर्षांचे मिळतात, डुकरांचे कुळ त्यानंतरचे. सिंह ही जात तर माणसाचा वंश चिंपांझीच्या वंशापासून वेगळा झाल्यानंतरची. आणि अर्धा सिंह अर्धा माणूस? असा एक सांगाडा जरी सापडला, तरी उत्क्रांतीचा सिद्धांतच मोडीत निघेल. नरसिंह हा उत्क्रांतीचा पुरावा ठरत नाही, तिचे खंडन ठरेल.

"हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे काय?" असेही पोरांनी विचारले. आपल्याकडे पायाखालीच आहे. आपल्या गावच्या विहिरी ज्या काळ्या पाषाणात खोदल्या, तो थंड झालेला लाव्हा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोर संपले तो हाच काळ. त्या खडकाचे वय कार्बनने मोजत नाहीत. कार्बन फार तर पन्नास हजार वर्षांपर्यंत चालतो. लाव्हा थंड झाला की त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून तयार होणारा अरगॉन वायू त्यात अडकून साठू लागतो, त्यावरून वय निघते. लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत. ती गाळाच्या थरांत टिकतात. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरांची हाडे मिळतात आणि त्यांच्या विष्ठेचे झालेले दगडही. अंबड, घनसावंगी, परतूरच्या कडेने वाहणारी आपली गोदावरी पुढे गडचिरोलीत सिरोंच्याजवळ प्राणहितेला भेटते. तिथे कोटा या गावाच्या नावाने ओळखला जाणारा ज्युरासिक काळातला थर आहे, पंधरा कोटी वर्षांहून जुना. त्यात मासे आहेत, बारापासॉरस नावाचा अजस्र डायनासोर आहे आणि चिमुकले सस्तन प्राणीही आहेत. वराहाचा मागमूस नाही.

त्यातल्या एका सस्तन प्राण्याचे नाव 'कोटाथेरियम हाल्डेनी', भारताचे नागरिकत्व घेतलेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांच्या नावावरून. दशावतारवाले इथे टाळी वाजवतात : हाल्डेन यांनाही दशावतारात उत्क्रांती दिसली होती! दिसली असेल. कालामांना बुद्धाने काय सांगितले? गुरू म्हणतो म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. हाल्डेनलाही तोच नियम लागू. त्यांच्या नावाचा प्राणी दगडात काय सांगतो, ते आम्ही वाचू.

हे काम आपल्याकडे आधी सुरू केले ते जोतीरावांनी. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम एकेक करून तपासणीला घेतले. माणसाचे शरीर आणि माशाचे शरीर यांतला फरक दाखवून माशापासून माणूस जन्मेल कसा, असा सवाल केला. यावर कोणी म्हणेल, मग जोतीरावांनी उत्क्रांतीच नाकारली! नाही. माशाच्या पोटी माणूस जन्मला, असे उत्क्रांती कधीच म्हणत नाही. ती सांगते कोट्यवधी पिढ्यांचा बदल, एकेका हाडाचा. सरपटणाऱ्या पूर्वजांच्या जबड्यातली हाडे लहान होत होत आपल्या कानात आली, याची साखळी जीवाश्मांत दिसते. चमत्कार जोतीरावांनी नाकारला, विज्ञानही नाकारते.

या यादीचा हट्ट का, तेही ओळखा. दशावतार ही शिडी आहे : खाली जनावरे, मग बळीराजाला पाताळात घालणारा बटू, मग परशुराम. पायरीवर पायरी, म्हणजेच श्रेणीबद्ध विषमता. उत्क्रांती शिडी नाही, झाड आहे. त्यात वरची-खालची फांदी नसते, सगळ्या एकाच खोडाच्या. पुरुषसूक्तात मुखातून ब्राह्मण आणि पायांतून शूद्र जन्मतो. जीवाश्मांत मात्र सगळ्या माणसांचा कणा एकाच माशापर्यंत जातो. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये मांडले, आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाच्या मापांची आकडेवारी घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. मापे घेऊन बोलायचे, ही आपली परंपरा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती. जयंतीला डीजे लावा की लावू नका, पण प्रत्येक विहारात दहावीचा हा धडा एकदा शिकवा. पोरांना गावच्या विहिरीवर न्या, काळ्या पाषाणाचे थर दाखवा, वय सांगा. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१ क मध्ये नागरिकाचे कर्तव्य आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांचा बुद्ध सांगतो की जग कोणी निर्माण केलेले नाही, ते विकसित झाले आहे. पुढच्या वेळी तो मेसेज आला की त्याखाली एकच प्रश्न टाका : कासव आपला पूर्वज असेल, तर त्याचा जीवाश्म आपल्या शाखेच्या नऊ कोटी वर्षे नंतर कसा?

जय भीम!