करंडक आणि खुर्ची



'ऑक्सफर्ड युनियन' हे विद्यार्थ्यांचे वादविवाद मंडळ १८२३ साली स्थापन झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने स्त्रियांना १९२० साली पदव्या दिल्या. या मंडळाचे पूर्ण सभासदत्व मिळायला मात्र १९६३ साल उजाडावे लागले. १९७७ साली त्याच्या अध्यक्ष झालेल्या बेनझीर भुट्टो १९८८ साली पाकिस्तानच्या पंतप्रधान झाल्या. असे मंडळ म्हणजे सत्तेची तालीमच. म्हणूनच ते दार इतकी वर्षे बंद राहिले, असे मला वाटते.

आपल्या महाविद्यालयांत मुली वक्तृत्वाचे करंडक आणतात, याचा मला आनंद आहे. पण वादाचा विषय कोण ठरवते? अध्यक्षाच्या खुर्चीत कोण बसते? संध्याकाळच्या बैठकीला मुलीला थांबता येते का? करंडकावर समाधान मानू नका. खुर्चीवरही हक्क सांगा.