खाड्याचे पैसे

परवा आमच्या ऑकलंडच्या मराठी ग्रुपवर एका मित्राने लिहिलं, "बायकांची रग्बी लीग ही हौस आहे. लोक बघत नाहीत, मग पैसे येणार कुठून? मार्केट ठरवतं, भावना नाही." त्यावर अकरा अंगठे आले. तिथे गणपतीच्या वर्गणीचा विषय चालू होता म्हणून मी गप्प बसले. इथे लिहितेय. लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

आधी एक खुलासा, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना रग्बी म्हणजे ऑल ब्लॅक्स एवढंच माहीत असतं. ती रग्बी युनियन, पंधरा जणांची. लीग तेरा जणांची. सहा टॅकलमध्ये काय ते करा, नाहीतर बॉल समोरच्याला. कबड्डी खेळलेल्या माणसाला ती पाच मिनिटांत कळते: अंगावर येणाऱ्याला धरा, पाडा, उठा, पुन्हा धरा.

आणि ही लीग जन्माला आली कशावरून? खाड्यावरून. गंमत नाही करत. उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांचे खेळाडू खाणींत आणि गिरण्यांत काम करायचे. शनिवारी सामन्याला आले की मजुरी बुडायची. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी भरून द्यायला परवानगी द्या. रग्बीचा कारभार बघणाऱ्या साहेबलोकांनी नाही म्हटलं. शेवटी 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात हे क्लब जमले आणि फुटून वेगळे झाले. दिवसाला सहा शिलिंगपर्यंत खाड्याचे पैसे द्यायचे ठरले. या खेळाचा पायाच तो.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते आणि मंडळाकडून कबड्डी खेळायचे. खाडा हा शब्द मी आजीकडून शिकले. सामन्यापायी खाडा पडला की महिनाअखेरीला वाण्याची उधारी कशी फिरवायची, ते तिने बघायचं. त्यामुळे खाडा कोण भरतं हा प्रश्न मला नवीन नाही.

आता रुआन सिम्सचं उदाहरण घ्या. तिचे तीन भाऊ, ॲश्टन, तारिक आणि कॉर्बिन. तिघंही ऑस्ट्रेलियातल्या एनआरएलमध्ये व्यावसायिक खेळाडू होते. लीग हीच त्यांची नोकरी होती. रुआन त्याच घरातली, तोच खेळ, आणि ती तर देशाची कर्णधार झाली. पण पोटासाठी ती अग्निशमन दलात. 1898 साली लीगने पुरुषांसाठी नियम केला होता की खेळाडूला दुसरी नोकरी असलीच पाहिजे. पुरुषांपुरता तो नियम कधीच गेला. बायकांसाठी कोणी लिहिला नव्हता, तरी शंभर वर्षं पाळला गेला.

बायकांची एनआरएलडब्ल्यू सुरू झाली 2018 ला. चार संघ, तीन फेऱ्या आणि एक फायनल. म्हणजे विजेत्या ब्रिस्बेन ब्रॉन्कोसने अख्ख्या मोसमात चार सामने खेळले. चार! आपल्याकडे गल्लीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत याहून जास्त होतात.

पण माझा खरा राग आहे तो 2020 च्या गोष्टीवर. जॉर्जिया हेल, आमच्या वॉरियर्सची कर्णधार. त्याच वर्षी तिला यंग न्यूझीलंडर ऑफ द इयर हा मान मिळाला होता. पोटापाण्याला ती क्लबचंच सामाजिक काम बघायची. कोविडमध्ये सीमा बंद झाल्या आणि संघ खेळणार की नाही असा प्रश्न आला. तेव्हा इथून पाच जणी गेल्या, हेल धरून. बाकी संघ ऑस्ट्रेलियातल्या मुलींमधून उभा केला. जाताना चौदा दिवस कोंडून घेतलं, परत येताना पुन्हा चौदा दिवस. मध्ये सामने किती? तीन. त्या दिवसांच्या खाड्याचा हिशोब मांडा आणि मग मला हौस म्हणा.

पुढे काय झालं? क्लबने बायकांचा संघच स्पर्धेतून काढून घेतला. कारण कोविड. पुरुषांचा संघ मात्र ऑस्ट्रेलियात हलवून तिथे राहता ठेवला आणि जुलै 2022 मध्ये तो माउंट स्मार्टवर घरी परतला. मीही तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडले, खोटं कशाला बोलू. त्या पुरुषांनीही घरापासून लांब कठीण महिने काढले, ते मी नाकारत नाही. पण बायकांचा संघ परत आला 2025 मध्ये. तिकडे सिडनीतही तेच. 2021 मध्ये साथ वाढली तर पुरुषांचे क्लबच्या क्लब उचलून क्वीन्सलँडला नेले, आणि बायकांचा मोसम ढकलला पुढच्या वर्षावर. हे मार्केटने ठरवलं? मार्केट म्हणजे कोण, त्याची सही कुठल्या कागदावर आहे?

दुकानाचं शटर आपणच खाली ओढायचं आणि मग म्हणायचं, बघा, गिऱ्हाईकच येत नाही.

आणि शटर उघडलं तर येतात की! 2024 मध्ये बायकांच्या स्टेट ऑफ ओरिजिनला ब्रिस्बेनला पंचवीस हजारांवर लोक होते, न्यूकॅसललाही पंचवीस हजारांवर.

2023 च्या करारात बायकांचं किमान मानधन वर्षाला 30,000 ऑस्ट्रेलियन डॉलर ठरलं. पुरुषांचं 1,20,000. एका क्लबने पूर्ण संघावर किती खर्च करायचा याची मर्यादा: पुरुषांना सव्वा कोटीच्या आसपास, बायकांना नऊ लाखांच्या आसपास. बाळंतपणाची रजा त्या करारात आली, बायकांचं मानधन दरवर्षी वाढत जाणार आहे, चांगलंच झालं. मित्र म्हणेल, पण पुरुष 24 सामने खेळतात, बायका तेव्हा 9 च खेळायच्या. अरे, पण सामने किती ठेवायचे हे खेळाडू ठरवतात का? आणि नऊ सामन्यांसाठी व्यायाम काय नऊच दिवस करायचा? खांदा निखळला तर तो नऊ सामन्यांपुरता निखळत नाही. टॅकल पूर्ण वेळचा आणि पगार अर्ध्या वेळचा, एवढाच हिशोब आहे.

दर्जाचंही ऐकून घ्या. नोव्हेंबर 2022 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर वर्ल्ड कप फायनलला ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडच्या मुलींना 54-4 ने धुतलं. आमच्या ग्रुपवर तेव्हा हसणारे इमोजी आले होते. पुढच्या वर्षी एनआरएलडब्ल्यू सहा संघांची दहा झाली, जास्त जणींना करार मिळाले. ऑक्टोबर 2023 मध्ये मेलबर्नला याच मुलींनी ऑस्ट्रेलियाला 12-6 ने हरवलं. एवढंच कारण होतं असं नाही, पण रोज सराव करणारा माणूस सुधारतो हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. त्या दिवशी ग्रुपवर काहीच आलं नव्हतं. मी शोधून पाहिलं.

आणि हेल? वॉरियर्सने दार लावल्यावर ती गोल्ड कोस्ट टायटन्सकडे गेली, तिथे कर्णधार झाली, 2023 ला त्यांना फायनलपर्यंत घेऊन गेली आणि न्यूकॅसलकडून 24-18 ने हरली. आमच्या गावची पोर दुसऱ्यांच्या जर्सीत. ते बघताना फार बरं वाटलं नाही.

तर मित्रा, पुढच्या वेळी माउंट स्मार्टवर बायकांचा सामना आधी आणि पुरुषांचा नंतर असेल, तेव्हा दोन तास लवकर ये. तिकीट तेच असतं, पार्किंगही सोपं मिळतं. कामावर खाडा पडला तर पैसे मी भरून देईन.