आत काय घालू?

परदेशात मराठी माणूस ओळखायचा असेल तर त्याचा पासपोर्ट बघायची गरज नाही. त्याला क्रेपच्या गाडीसमोर उभं करावं. तव्यावर पीठ पडतं, लाकडी काठीनं ते गोल गोल पसरलं जातं, कडा सुटू लागतात आणि मागून आवाज येतो, "हॅ! हे तर आपलं धिरडं!" हा आवाज मराठी.

पॅरिसमध्ये हा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. खोटं कशाला बोला, तो माझाच होता. लगेच आमच्या टूरमधल्या मालवणच्या बाईंनी "धिरडं कसलं, घावन आहे हे" अशी दुरुस्ती मांडली. एका निवृत्त इंजिनियरसाहेबांनी आंबोळीची उपसूचना आणली. आयफेल टॉवरच्या साक्षीनं आमची वार्षिक सर्वसाधारण सभा सुरू झाली. गाडीवाला बिचारा काठी हातात धरून एकच प्रश्न विचारत होता : आत काय घालू? त्याचं उत्तर एकाही सभासदाकडे नव्हतं.

माझं भांडण आहे ते इथं. आपल्याला पदार्थाला नाव ठेवता येतं, पदार्थ निवडता येत नाही.

'आपलं धिरडं' म्हटलं की पुढचा विचार करायचं काम संपतं, हा या वाक्याचा मोठा फायदा. पण हे धिरडं म्हणजे नक्की कुठलं? क्रेपचं माहेर फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीत. तिथं गोडाचं पीठ वेगळं आणि तिखटामिठाचं वेगळं. गोडाचा क्रेप गव्हाच्या पिठाचा. तिखटामिठाची ती 'गालेत', आणि ती कुट्टूच्या पिठाची. होय, उत्तरेकडे उपासाला चालतो तोच कुट्टू. फ्रेंच लोक त्याला 'काळा गहू' म्हणतात, पण गव्हाशी त्याचं काही नातं नाही. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो आपल्या आंबट चुक्याचा भाऊबंद. आणि नावावरून भांडायची हौस आपल्यालाच आहे असं नाही. पूर्व ब्रिटनीतले लोक जिला 'गालेत' म्हणतात तिलाच पश्चिमेकडचे 'काळ्या गव्हाचा क्रेप' म्हणतात. म्हणजे घावन-आंबोळीचा वाद तिथंही आहे. फरक इतकाच, की ते लोक वाद घालताना खातात. आम्ही वाद झाल्यावर खातो, तोपर्यंत ते गार झालेलं असतं.

आता निवडीचा पहिला घोटाळा. आमचे इंजिनियरसाहेब कडक शाकाहारी. अंड्याचं चित्र दिसलं तरी फुटपाथ बदलणारे. त्यांनी गाडीवरचा फलक पाहिला. खाऱ्या बाजूला हॅम, चीज, अंडं. गोड बाजूला साखर, मध, केळं. त्यांनी एका क्षणात सृष्टीची वाटणी केली : खारं ते अभक्ष्य, गोड ते सात्त्विक. आणि एकामागून एक तीन गोड क्रेप खाल्ले. गोड क्रेपचं पीठ दुधात भिजवतात आणि त्यात अंडी फोडतात. उलट ज्या गालेतला त्यांनी नाक मुरडलं तिचं पीठ मुळात कुट्टू, पाणी आणि मीठ. काही ठिकाणी त्यातही अंडं घालतात, म्हणून विचारून घ्यावं. नसेल तर आत पालक घ्या, मशरूम घ्या, चीज घ्या, सुखानं जेवा. पण विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि ते 'आपलं धिरडं' म्हणण्यात गुंतलेलं होतं. साहेबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. ते वयानं मोठे आहेत.

दुसरा घोटाळा 'दाबून भरा' पंथाचा. परदेशातला माणूस मनातल्या मनात युरोचे रुपये करतो आणि मग त्याला वाटतं, एवढे पैसे देतोय तर केळंही घाल, चॉकलेटही घाल, वर क्रीमही फास. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत मी परीक्षेत पाठ करून लिहिला, पण कळला तो या गाडीवर. चॉकलेटचा पहिला चमचा स्वर्ग, दुसरा पृथ्वी, तिसऱ्याला शर्ट. क्रेप बोटाएवढा जाड असता तर गोष्ट वेगळी. तो असतो रुमालाएवढा पातळ. त्याची गंमत त्याच्या जाळीदार कडेत, लोण्याच्या वासात. तिथं किलोभर ऐवज ठेवणं म्हणजे पोस्टकार्डात पार्सल बांधण्यासारखं आहे.

फ्रान्समध्ये दोन फेब्रुवारीला 'शांदलर' नावाचा सण असतो. त्या दिवशी घरोघर क्रेप करतात. डाव्या हातात नाणं धरायचं आणि उजव्या हातानं तव्यावरचा क्रेप हवेत उडवून परतायचा. नीट तव्यात पडला तर वर्षभर पैशाची ददात नाही, अशी जुनी समजूत. बँकेत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला हा धर्म सहज पटतो. पण लक्षात घ्या, या सगळ्या विधीत सारणाचा उल्लेख कुठंही नाही. भरभक्कम सारणाचा क्रेप कोणी उडवून बघावा. लक्ष्मी छताला चिकटेल.

आणि या सगळ्या खटाटोपानंतर आमच्या नऊ जणांनी मागवलं काय? नुटेला! फलकावरचं तेवढं एकच नाव आम्हाला वाचता आलं. हे नुटेला फ्रान्सचंही नाही. ते इटलीचं, १९६४ साली बाजारात आलेलं, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटांच्या शेजारी ठेवलेलं. एवढे डोंगर आणि समुद्र ओलांडून आम्ही आमच्याच कोपऱ्यावर आलो.

पण हे सगळे किरकोळ गुन्हे. खरा गुन्हेगार वेगळा. त्याचं नाव 'काहीही चालेल'.

गाडीवर मी हिला विचारलं होतं, "तुला काय?" ही म्हणाली, "काहीही. तुम्ही घ्याल तेच." मी चॉकलेट-केळं घेतलं, म्हणून हिलाही तेच. निम्मं झाल्यावर "मला जास्त होतंय" म्हणून तिनं ते माझ्या हातात दिलं, आणि मी तिच्या नाजूक भुकेचं कौतुक करत तेही संपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. मोंपार्नास स्टेशनजवळ क्रेपच्या खाणावळींची रांगच आहे. ब्रिटनीच्या गाड्या या स्टेशनात येतात. पोटापाण्यासाठी पॅरिस गाठलेले ब्रिटनीकर इथंच उतरले, इथंच आसपास राहिले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे तवेही. दादरला उतरलेल्या कोकणी माणसाला हे समजावून सांगायला नको.

तिथं ऑर्डर घ्यायला बाई आल्या. ही पुन्हा म्हणाली, "काहीही चालेल."

"अगं, इथं काहीही मिळत नाही," मी भडकलो. "इथं एकेका माणसाचा एकेक वेगळा होतो. तुझा तुलाच सांगायला हवा." आणि तिथल्या तिथं मी हिला व्याख्यान दिलं. 'काहीही चालेल' ही नम्रता नव्हे, हा कोरा चेक आहे. सही करून दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि रक्कम चुकली की जन्मभर मनात धुमसायचं. कोऱ्या चेकवर सह्या करू नका म्हणून मी खातेदारांना कानीकपाळी ओरडतो आणि माझ्याच घरात...

"लोणी-साखर आहे का?" हिनं मध्येच विचारलं.

मी यादी पाहिली. होतं. 'बर-स्युक्र', गोड बाजूला अगदी पहिलं, सगळ्यात स्वस्त. मी म्हटलं, "एवढ्या लांब येऊन लोणी-साखर?"

"मला आवडतं," ती म्हणाली. "घरी धिरडी करते ना, माझी पाळी येईपर्यंत चटणी संपलेली असते, बटाट्याची भाजी संपलेली असते. तुम्ही सगळे उठलात की शेवटचं धिरडं मी लोणी-साखरेशी खाते. तेच सगळ्यात छान लागतं."

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली असती तर मला उत्तर सुचलं असतं. लग्नाला वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत शेवटचं धिरडं कोण खातं आणि कशाशी खातं, हे मला ठाऊक नव्हतं. कोरा चेक तिनं लिहून दिला असेल, पण दर वेळी रक्कम भरून तो वटवणारा मीच होतो. 'तुला काय हवं' असं आपण घरातल्या बाईला विचारतो ते चटणी संपल्यावर. मग ती 'काहीही चालेल' म्हणते, आणि तो तिचा स्वभाव आहे असं आपण चारचौघांत सांगतो.

क्रेप आला. चार घड्या घातलेला, लोणी पाझरलेलं, साखरेचे दाणे अर्धे विरघळलेले, अर्धे दाताखाली कचकचणारे. ब्रिटनीचं लोणी खारट असतं. राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता, ब्रिटनीला मात्र त्यातून सूट होती. म्हणून तिथले लोक लोण्यात सढळ हातानं मीठ घालत. कर गेला, सवय राहिली. त्या खारट लोण्यावर साखर म्हणजे काय, ते ज्यानं खाल्लं त्यालाच कळेल. मला कळलं, कारण निम्मा मी खाल्ला. माझ्यासमोर चॉकलेट, बदाम आणि क्रीमचा ढिगारा तसाच होता.

तेव्हा परदेशी जाणाऱ्या तमाम मंडळींना माझं सांगणं आहे. क्रेपला धिरडं म्हणा, घावन म्हणा, काय हवं ते म्हणा. पण आधी जेवणाची गालेत, मग गोडाचा क्रेप. आत एक वस्तू, फार तर दोन. पिठात काय आहे ते विचारा. आणि बरोबर जी व्यक्ती 'काहीही चालेल' म्हणेल, तिला पुन्हा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मागे रांग खोळंबली तर खोळंबू द्या.

गेल्या रविवारी आमच्याकडे धिरडी होती. मी बाणेदारपणे जाहीर केलं, "आज तू आधी बस. शेवटचं मी खाणार."

ही बसली, पोटभर जेवली, उठली आणि माझ्यासाठी तव्यावर पीठ घालत म्हणाली, "कशाशी देऊ?"

मी सवयीनं म्हणालो, "काहीही चालेल."

"काहीही संपलं," ही म्हणाली. "लोणी-साखर आहे. पण ती माझी."